टर्बोला दिलेला दम

डॉक्टरांनी माझ्या टेबलावर खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली. आत औषध नव्हतं. काळं, जाडसर, काचेला धरून बसलेलं काहीतरी होतं.

"साळवे साहेब, हे काय आहे सांगा."

मी बूच काढून वास घेतला. एक थेंब दोन बोटांत चोळला. "इंजिन ऑइल. जळालेलं."

"तुम्हीच दिलेलं. घालून दोन महिने झालेत. हे ऑइल आहे का डांबर?"

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी एका ऑइल कंपनीच्या कोल्हापूर ऑफिसात टेक्निकल सर्व्हिसला होतो. कंपनी ऑइल विकायची आणि कुठल्या मशीनला कुठलं ऑइल घालायचं ते सांगत मी फिरायचो. साखर कारखाने, फाउंड्र्या, यंत्रमाग, ट्रकवाले. गिऱ्हाईकानं बाटली आणून टेबलावर आपटायची, हे माझ्या नोकरीत नवीन नव्हतं. पण ही बाटली वेगळी होती. कारण जिल्ह्यात टर्बो असलेली पेट्रोल गाडी माझ्या माहितीत डॉक्टरांचीच एक होती, आणि तिचं ऑइल मी स्वतः निवडलं होतं. नुसतं निवडलं नव्हतं, चार ठिकाणी मिरवलंही होतं.

"मला खरं सांगा," डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले, "मामांनी यात त्यांचं जुनं दाट ऑइल मिसळलंय का?"

"असं का वाटतं तुम्हाला?"

"कारण ते हट्टी आहेत. तुमचं ऑइल पातळ आहे म्हणून पहिल्या दिवसापासून कुरकुरत होते. मी विचारलं तर शपथ घेतात. माझ्याशी खोटं बोललेलं मला चालणार नाही. यात भेसळ निघाली तर मी मामांकडून चावी काढून घेणार आहे."

ते शांतपणे बोलले. त्यामुळं ते तसं करणार, याची मला खात्री पटली.

डॉ. इंगवले हाडांचे डॉक्टर. राहायला मंगळवार पेठेत. इंग्लंडात बरीच वर्षं काढून परत आले, तेव्हा स्वतःची वापरातली गाडी बोटीनं घेऊन आले. बसकी, काळपट हिरवी, मागं इंग्रजीत 'टर्बो' अशी अक्षरं. पेठेतली माणसं त्या अक्षरांना हात लावून बघायची. आठवड्यातून दोनदा डॉक्टर इचलकरंजीला ऑपरेशनं करायला जात. यंत्रमागात बोटं सापडलेला माणूस टेबलावर असला की अधल्यामधल्या दिवशीही फोन यायचा आणि डॉक्टर निघायचे. त्या रस्त्यावर ती गाडी कशी पळायची ते मी पुढं एकदा आत बसून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं म्हटलं तरी चालेल.

मामा म्हणजे दत्तूमामा, डॉक्टरांचे ड्रायव्हर. नात्यानं मामा नव्हेत. डॉक्टरांचे वडीलही डॉक्टर होते, त्यांची जीप मामांनी चालवली. शाळकरी डॉक्टरांना त्याच जीपमधून शाळेत सोडलं. म्हणून मामा वडलांना 'थोरलं डाक्टर' म्हणायचे आणि मिशीला पांढरा केस आलेल्या आपल्या डॉक्टरांना 'धाकलं डाक्टर'. गाडीची चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेली. आंघोळीलाही काढत नसत म्हणे. ती चावी काढून घेणं म्हणजे काय, हे ऑफिसात बसून मलाही कळत होतं.

आता ऑइलचं सांगतो. त्याआधी टर्बोचं.

इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याला चांगला जोर असतो. एरवी तो वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या वाटेत एक छोटं चाक बसवलेलं असतं. धुरानं ते फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरेसुद्धा घेतो आणि तो तरंगतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. एका बाजूला लालभडक तापलेलं लोखंड, मध्ये ते बिचारं ऑइल. साध्या गाडीत ऑइल नोकरी करतं. टर्बोत ते कुस्ती खेळतं.

गाडीचा पहिला टर्बो मी चित्रात यायच्या आधीच गेला होता. मागून निळा धूर, पुढून शिट्टी. त्या वेळी इंजिनात पन्नास नंबरचं दाट ऑइल होतं. डॉक्टरांनी सल्ला तिघांना विचारला होता आणि तिघांनीही एकच सांगितलं होतं, भारी गाडी आहे, दाट घाला. कोल्हापुरात हे असंच होणार. इथं पातळ म्हणजे पाणी मारलेलं. दूध असो, दही असो, ऑइल असो, नियम एकच. इंग्लंडातल्या मित्रानं नवीन टर्बो पाठवला आणि तो बसवायच्या आधी डॉक्टर माझ्याकडं आले होते.

मी पहिला प्रश्न विचारला, "गाडी स्टॉक आहे का?" स्टॉक म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, इंजिनाची ताकद वाढवायला कुणी आत हात घातलेला नाही अशी. डॉक्टर म्हणाले, "हाडं मी बदलतो, इंजिनं नाही."

मग काम सोपं होतं. गाडी स्टॉक असेल तर शहाणपणा करायचा नाही, गाडीचं पुस्तक उघडायचं. पुस्तकात तक्ता होता. हवा किती थंड, किती गरम, त्याप्रमाणे ग्रेड. त्यात कोल्हापूरची हवा बसवली तर पंधरा डब्ल्यू चाळीस येत होती. यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा इंजिन थंड असताना ऑइल किती चटकन धावतं ते सांगतो. आकडा लहान, तेवढं चपळ. नंतरचा आकडा तापल्यावर त्याच्या अंगात किती जीव राहतो ते. त्याशिवाय ऑइल टर्बोसाठी पास केलेलं पाहिजे, म्हणजे उष्णतेत करपून कोळसा होणार नाही असं. आमच्या कंपनीत दोन्ही अटींत बसणारं एकच ऑइल होतं. ते मुख्यतः खाणीतल्या टर्बो डंपरना जायचं, पण पेट्रोल इंजिनाच्या परीक्षेतही पास होतं.

"डंपरचं ऑइल? माझ्या गाडीत?" डॉक्टर म्हणाले होते.

"टर्बोचं ऑइल आहे. डंपरलाही टर्बो असतो."

डॉक्टरांनी मान हलवली. मामांनी नाही हलवली. त्यांनी डब्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडं बघितलं. "सायेब, ह्यात पाणी मारलंय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. समोरच्या सोडावॉटरवाल्याकडून बर्फ आणला. एका बाटलीत पन्नास नंबर, एकीत आमचं. दोन्ही बाटल्या बर्फात पुरल्या. चहा झाला. मग दोन्ही एकदम उलट्या धरल्या. आमचं ऑइल धार धरून खाली आलं. पन्नास नंबर बाटलीच्या बुडाशी बसून राहिलं.

"मामा, सकाळी चावी मारली की हे दाट ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं. तेवढा वेळ टर्बो कोरडा फिरतो."

मामांनी दोन्ही बाटल्या स्वतःच्या हातांनी पुन्हा उलट्या करून बघितल्या. "म्हंजे पैलवान हाय, पर तालमीत उशिरा येतोय."

"बरोबर."

"मग काय उपेग त्येचा?"

तिथं मामा मला पटले आणि मी त्यांना पटलो. निदान मला तरी तसं वाटलं होतं. डॉक्टर त्या वेळी फोनवर होते. त्यांनी फक्त आधीची कुरकुर ऐकली होती, पुढचा समेट पाहिला नव्हता. निघताना मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की लांबून पळत आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. पंप थांबला की ऑइल थांबतं, टर्बोचं चाक मात्र फिरतच असतं आणि तिथली उष्णता कुठं जात नाही. आत अडकलेलं ऑइल, गॅसवर विसरलेल्या कढईतल्या तेलासारखं करपतं. म्हणून एक-दोन मिनिटं इंजिन सावकाश चालू ठेवायचं, मग बंद करायचं.

"ते मामांना सांगा," डॉक्टर म्हणाले. "मी दारात उतरतो. गाडी लावणं, बंद करणं सगळं त्यांच्याकडं."

मामा तोवर डबे डिकीत ठेवायला गेले होते. मला कारखान्यावर जायचं होतं. मी ऑफिसच्या लेटरहेडवर दोन ओळी खरडल्या आणि कागद मामांच्या हातात दिला. मामांनी तो दोन घड्या घालून टोपीत ठेवला.

हे सगळं दोन महिन्यांपूर्वीचं. आणि आता ही बाटली.

मी डॉक्टरांसमोरच टीपकागदाचा तुकडा घेतला आणि त्यावर एक थेंब सोडला. वापरलेलं ऑइल तपासायची ही गरिबाची लॅब. ऑइल चांगलं असेल तर थेंब करड्या रंगात सगळीकडं पसरतो, म्हणजे आतली काजळी अजून सुटी सुटी आहे. आमचा थेंब मधोमध काळाकुट्ट गोळा करून बसला, बाहेर फक्त तेलकट वर्तुळ.

"भेसळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"यावरून सांगता येत नाही. जळालंय एवढं दिसतं. मुंबईच्या लॅबला पाठवतो. रिपोर्ट येईपर्यंत गाडीत आपलंच नवीन ऑइल घाला आणि मामांना काही बोलू नका."

"बोलून झालंय," डॉक्टर म्हणाले आणि उठले.

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागले. त्या दिवसांत मी मामांना एकदाच भेटलो, मुद्दाम. डॉक्टरांची गाडी ठेवायची शेड घरापासून दोन बोळ पलीकडं होती, कारण पेठेतल्या घराला गाडी आत घ्यायला जागाच नव्हती. मामा बॉनेट पुसत होते. मला बघून नेहमीसारखं "या पावणं" म्हणाले नाहीत.

शेडच्या कोपऱ्यात आमच्या ऑइलचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले होते. झाकणं लावून, तोंडं एका दिशेला.

"टाकून नाही दिले?" मी विचारलं.

"कशापायी टाकू? कोन म्हनलं की मामानं डबा इकला, नायतर दुसरंच घातलं, तर दावाय नगं? मोजून घ्या. जेवडं आलतं तेवडं हाइत." त्यांनी फडकं झटकलं. "थोरल्या डाक्टरांनी कदी मला इचारलं न्हाय, मामा खरं बोलतूयास का. ह्येनी इचारलं. सायेब, आता मी काय बोलतच न्हाय त्यांच्यासंगं. व्हय आन न्हाय, बास."

मी डबे मोजले नाहीत. मोजायचे कशाला? माणूस बघून काही गोष्टी कळतात. पण इंजिनिअरला असं म्हणून चालत नाही. डबे रिकामे असणं म्हणजे ऑइल इंजिनातच गेलं, असं कागदावर सिद्ध होत नव्हतं. मी रिपोर्टची वाट बघत राहिलो आणि मनातून घाबरलेला राहिलो.

रिपोर्ट आला. थंड असताना आणि तापवल्यावर, अशा दोन तापमानांवर ऑइलचा दाटपणा मोजतात. त्यात पन्नास नंबर मिसळलेलं असतं तर त्या दोन आकड्यांचं गणित बिघडलं असतं. तसं झालं नव्हतं. ऑइल आमचंच होतं, निर्भेळ. फक्त कुठंतरी भयंकर तापून करपलेलं.

मी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रिपोर्ट एक्स-रेसारखा उजेडात धरून वाचला.

"म्हणजे मामा खरं बोलत होते."

"हो."

"मग तुमचं ऑइल खोटं बोलतंय."

माझं ऑइल चांगलं, मामा चांगले, इंजिन चांगलं आणि तरी ऑइल जळतंय. मी म्हणालो, "उद्या इचलकरंजीला मी तुमच्याबरोबर येतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः चालवत होते. शेजारी मामा, मागं मी. डॉक्टरांना हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला होता. एका कामगाराचा हात मागात गेला होता. त्या दिवशी डॉक्टरांनी गाडी जी काढली ती काढली. मी मागं बसून टर्बोची बारीक शिट्टी ऐकत होतो आणि आजूबाजूचा ऊस बघायचं टाळत होतो. गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. मामा एकदाच म्हणाले, "फुडं म्हस." डॉक्टरांनी ब्रेक मारला. म्हैस गेली.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये डॉक्टर इंजिन चालूच ठेवून उतरले आणि धावत आत गेले. मामा सरकून स्टिअरिंगवर आले. त्यांनी गाडी वळवून मागच्या आवारात लिंबाखाली लावली. चारही बाजूंनी मागांच्या शेड. असा खडखडाट, की मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येईना. मामांनी हँडब्रेक ओढला. बाही मागं सारून मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग पाठ सीटला नीट टेकवली, तोंड गंभीर केलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

इंजिन किंचाळलं. मामांनी पाय काढला नाही. पाय सोडला, पुन्हा दाबला. सोडला, दाबला. टर्बोची शिट्टी चढत चालली. लिंबावरचे कावळे उडाले. मी पुढं वाकून ओरडलो, "मामा! मामा, काय करताय?" मागांच्या आवाजात काही पोचलं नाही. मामा घड्याळाकडं बघत होते. पूर्ण दोन मिनिटं झाली. शेवटी त्यांनी पाय तळापर्यंत नेला आणि तो तसाच दाबलेला असताना चावी फिरवली.

इंजिन थांबलं. टर्बो थांबला नव्हता. ऑइलशिवाय, लालभडक लोखंडाशेजारी तो आपल्या वेगानं फिरत होता. मला ते दिसत नव्हतं. पण आपल्या माणसाला पायऱ्यांवरून पडताना बघावं, तसं झालं.

मामा वळले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. "बगितलं न्हवं सायेब? रोज आसाच देतो. एक दीस चुकवलेला न्हाय."

"काय देता?"

"दम!"

"कसला दम?"

"आता तुमीच लिवून दिलंय की!"

त्यांनी सन व्हायजरमागून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. आमच्या कंपनीचं लेटरहेड. वरच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा चिठ्ठीचीही झाली होती. आत माझं अक्षर. 'लांबून आल्यावर इंजिनला दोन मिनिटे दम द्यावा. मगच बंद करावे.'

मी ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

मी मूळचा औरंगाबादचा. आमच्याकडं भात शिजत आला की आई म्हणायची, त्याला दम दे. म्हणजे विस्तव कमी कर, झाकण ठेव, त्याचं त्याला मुरू दे, हात लावू नकोस. शेजारी बिर्याणीला दम द्यायचे, तोही असाच. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं मंद आचेवरचं भाताचं पातेलं होतं. कोल्हापुरात भाताचा दम कुठल्यातरी स्वयंपाकघरात असेलही, पण रस्त्यावर दम देणं म्हणजे डोळे वटारून, आवाज चढवून समोरच्याला गप करणं. ट्रकवाले तसेही गाडी बंद करताना एक शेवटची रेस देतात, पुढच्या वेळी झटक्यात चालू होते असं मानतात. मामांना वाटलं, साहेब शिकलेला माणूस, त्यानं तीच गोष्ट दोन मिनिटांची करून कागदावर लिहून दिली. आणि मामा काटेकोर माणूस. त्यांनी प्रत्येक फेरीला, इकडं लिंबाखाली आणि तिकडं शेडमध्ये, घड्याळ लावून दोन महिने टर्बोला दम दिला होता. डॉक्टर दोन्ही ठिकाणी आवाजाच्या टप्प्याबाहेर असत.

इतकी निष्ठा नसती तर टर्बो एवढा भाजला नसता. कंटाळा करणारा ड्रायव्हर असता तर माझी चूक खपून गेली असती.

"मामा," मी म्हणालो, "माझं चुकलं."

मी भाताचं सांगितलं, टर्बोचं सांगितलं, कढईतल्या तेलाचं सांगितलं. सगळं ओरडून सांगावं लागलं, कारण माग थांबायला तयार नव्हते. मामांचं हसू हळूहळू उतरलं. ते खाली उतरले, पुढं गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला असणार. पण हात काढला नाही.

"म्हंजे माज्याच पायानं मारला म्हना की ह्येला."

"मेलेला नाही अजून. आणि पाय तुमचा असला तरी शब्द माझा."

"आवं पर सायेब," मामा एकदम उसळले, "येवडं शिकल्याला मानूस तुमी! इसावा द्या म्हनायचं की! बैलाला काय देत्यात? इसावा! दम कुनाला देत्यात, चोराला!"

डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मागांच्या वर चढला होता. मला पहिल्यांदा कुणी खरोखरचा कोल्हापुरी दम देत होतं. त्याला मी पात्र होतो.

संध्याकाळी डॉक्टर ऑपरेशन संपवून बाहेरच्या बाकावर येऊन बसले. कामगाराची बोटं वाचली होती. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"वाचा. काय समजलं?"

"दोन मिनिटं रेस करा." त्यांनी वर बघितलं. "का? दुसरं काय असणार?"

मी पुन्हा भात सांगितला. डॉक्टर आधी इतक्या मोठ्यानं हसले, की नर्स बाहेर आली. मग हसता हसता थांबले. कागदावरच्या कुंकवाकडं बघत राहिले.

"मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, खोटं बोलता का म्हणून."

"माहीत आहे."

डॉक्टर उठले आणि लिंबाकडं चालत गेले. मी चार पावलं मागं राहिलो, पण दोघांनाही हळू बोलायची सवय नसल्यामुळं सगळं ऐकू आलं.

"मामा, चुकलं माझं."

"तुमचं न्हवं. त्या सायबाचं चुकलं."

"त्यांचं तर चुकलंच. पण विचारलं मी. विचारायला नको होतं."

मामांनी गळ्यातला दोरा वर काढून चावी डॉक्टरांपुढं धरली. "टरबू माज्या हातनं गेला. घ्या."

डॉक्टरांनी दोरा मामांच्या हातातून घेतला आणि परत त्यांच्याच गळ्यात घातला. शाळकरी पोरानं मास्तरांच्या गळ्यात हार घालावा, तसा जरा वाकडातिकडा. "घरी न्या आता. मी थकलोय. सावकाश न्या."

टर्बो वाचला. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं तो उतरवला, तर ऑइलच्या नळीत पेन्सिलीच्या शिशासारखा कडक कोळसा जमलेला. तो खरवडून काढला, नळी धुतली, दांडा हलवून बघितला. अजून खेळ पडला नव्हता, म्हणजे दांडा सैल झाला नव्हता. आणखी महिनाभर दम दिला असता तर संपलं होतं. ऑइल आम्ही तेच ठेवलं, पंधरा डब्ल्यू चाळीस. पुढच्या वेळी बदलताना मी टीपकागदावर थेंब सोडला. तो करडा, गोल, छान पसरला. मामांनी तो कागद वाळवून जुन्या चिठ्ठीच्या जागी व्हायजरमागं ठेवला. नवीन चिठ्ठी मी लिहिली, पण मजकूर त्यांनी सांगितला. 'लांबनं आल्यावर दोन मिंटं इसावा. पायडलावर पाय न्हाय.' माझ्या तांत्रिक कारकिर्दीतलं सगळ्यात अचूक लिखाण तेच.

दीड-एक वर्षानं माझी बदली झाली. डॉक्टरांनी स्टेशनवर सोडायला गाडी पाठवली. माझं घर ते स्टेशन म्हणजे हाकेचं अंतर. इंजिन नीट तापतही नाही. मामांनी गाडी स्टेशनसमोर उभी केली, हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. इंजिन हलक्या आवाजात चालू होतं.

विसावा लांबच्या फेरीनंतर द्यायचा असतो. चिठ्ठीत तसं लिहिलं होतं आणि मामा चिठ्ठी पाळणारे होते. मी काही बोललो नाही. आगगाडी फलाटावर लागलेली दिसत होती. आम्ही दोघं समोर बघत बसलो. कोल्हापुरात माणसाला निरोप द्यायला एरवी केवढा गलका लागतो. आम्हाला दोन मिनिटं पुरली.

मामांनी घड्याळ बघितलं, चावी फिरवली आणि माझी ट्रंक उचलली. डब्याच्या दारात ती आत सरकवताना म्हणाले, "सायेब, तितं कुनाला चिट्टी लिवून द्यायची आसंल तर आदी मला दावत जावा."

ते शक्य नव्हतं. पण त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एकही सूचना लिहून नुसती हातात दिली नाही. ज्याचा पाय पायडलावर असतो त्याला समोर बसवायचं, वाचून दाखवायचं आणि विचारायचं, काय समजलं? पुष्कळदा कागद फाडून पुन्हा लिहावा लागला.